स्कूनरच्या प्रतिकृती व त्यांचे ऐतिहासिक प्रामाण्य

दोन वा अधिक डोलकाठ्या असलेल्या आणि मुख्यतः जहाजाच्या लांबीच्या दिशेने उभारलेल्या शिडांवर चालणाऱ्या जहाजास ‘स्कूनर’ म्हणतात. अशा जहाजाची ठराविक प्रमाणात लाकडी प्रतिकृती बनविणे हा यूरोप-अमेरिकेत अनेकांचा छंद आहे. पण वस्तुसंग्रहालयात काचेच्या पेटीत ठेवलेली प्रतिकृती छंदाची वस्तू राहत नाही. पाहणाऱ्याच्या दृष्टीने ती पुरावा ठरते. मूळ जहाज नष्ट झालेले असते, कागदपत्रे अभ्यासकांपुरती मर्यादित असतात आणि चित्रकार, पाठ्यपुस्तकांचे लेखक व टपाल-तिकिटांचे आरेखक प्रतिकृतीवरूनच जहाजाचे रूप ठरवितात. त्यामुळे प्रतिकृतीतील किती भाग पुराव्यावर आणि किती अनुमानावर आधारलेला आहे, हा प्रश्न इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरतो.

स्कूनरचा उगम सांगतानाच या प्रश्नाची चुणूक मिळते. मॅसॅचूसेट्समधील ग्लॉस्टर येथे अँड्रू रॉबिन्सन याने १७१३ मध्ये पहिली स्कूनर बांधली, अशी आख्यायिका आहे. तथापि दोन डोलकाठ्यांची व तशाच शिडांची लहान जहाजे सतराव्या शतकातील डच चित्रांत आढळतात. नाव अमेरिकेत रूढ झाले असले, तरी बांधणीचा प्रकार त्यापूर्वीचा आहे, हे उघड आहे. अठराव्या शतकात न्यू इंग्लंडच्या किनाऱ्यावर कॉड मासेमारी व किनारी व्यापार यांसाठी स्कूनर सर्रास वापरात आली. लांबीच्या दिशेने असलेल्या शिडांमुळे ती वाऱ्याच्या दिशेशी कमी कोन ठेवून चालू शके आणि तिला खलाशीही थोडे लागत.

या काळातील स्कूनरविषयी विश्वसनीय माहिती मिळते ती मुख्यतः ब्रिटिश नौदलाच्या दप्तरातून. करवसुली व तस्करीविरुद्ध गस्त यांसाठी नौदलाने वसाहतींत बांधलेल्या काही स्कूनर विकत घेतल्या. त्यांपैकी काही इंग्लंडमधील गोदीत आल्यावर त्यांची मापे घेऊन आराखडे तयार करण्यात आले. १७६७ मध्ये बॉस्टन येथे बांधलेली व १७६८ मध्ये नौदलाने घेतलेली ‘सुल्ताना’ ही त्यांतील सर्वांत लहान स्कूनरपैकी एक होय. तिची डेकवरील लांबी सु. ५०·५ फूट व भारमान सु. ५२ टन होते. तिच्यावर मोठ्या तोफा नसून खुंटावर फिरणाऱ्या लहान तोफा होत्या. १७७२ मध्ये ती विकण्यात आली. तिचा आराखडा, रोजनाम्या व खलाश्यांच्या हजेऱ्या उपलब्ध असल्यामुळे तिची प्रतिकृती बनविणाऱ्यास कल्पनेचा आधार फारसा घ्यावा लागत नाही. या कागदपत्रांच्या आधारे मेरीलंडमधील चेस्टरटाउन येथे पूर्ण आकाराची ‘सुल्ताना’ बांधून २००१ मध्ये पाण्यात सोडण्यात आली. अमेरिकन नौका-इतिहासकार हॉवर्ड चॅपेल (१९०१–७५) यांनी असे अनेक आराखडे पुन्हा रेखून प्रसिद्ध केले. हॅरल्ड हान यांच्या वसाहतकालीन स्कूनरवरील ग्रंथाने (१९८१) प्रतिकृतिकारांपुढे अभ्यासाचा एक आदर्श ठेवला. जहाजाच्या फासळ्या उलट्या बाजूने, म्हणजे कणा वर ठेवून, एका साच्यावर उभारण्याची त्यांची पद्धत प्रतिकृतिकारांत प्रसिद्ध आहे.

याच्या अगदी उलट स्थिती ‘हॅना’ या स्कूनरची आहे. मार्बलहेडचे व्यापारी व सेनाधिकारी जॉन ग्लव्हर यांच्या मालकीची ही स्कूनर जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या आज्ञेने १७७५ मध्ये सशस्त्र करण्यात आली आणि सप्टेंबरच्या प्रारंभी निकलसन ब्रॉटन यांच्या नेतृत्वाखाली बेव्हर्ली बंदरातून निघाली. १० ऑक्टोबर १७७५ रोजी ‘नॉटिलस’ या ब्रिटिश युद्धनौकेने पाठलाग केल्यामुळे ती बेव्हर्लीजवळ जमिनीला लागली व तिची कामगिरी संपली. जेमतेम पाच आठवड्यांच्या या कामगिरीवरून अमेरिकन नौदलाचे जन्मस्थान कोणते, याविषयी बेव्हर्ली व मार्बलहेड या शेजारच्या गावांत वाद आहे. आपापला दावा सांगण्यासाठी दोन्ही ठिकाणी ‘हॅना’चे चित्र हवे असते, पण तिचा आराखडा वा समकालीन चित्र उपलब्ध नाही. उपलब्ध आहे तो ७८ टन हा भारमानाचा आकडा.

या आकड्यावरून कितपत जाता येते, हे पाहण्यासारखे आहे. त्या काळच्या इंग्रज सूत्रानुसार कण्याची लांबी, जहाजाची रुंदी व रुंदीचा निम्मा भाग (सर्व मापे फुटांत) यांचा गुणाकार करून त्यास ९४ ने भागले, की भारमान मिळते. रुंदी १७ फूट धरल्यास ७८ टनांसाठी कण्याची लांबी सु. ५१ फूट येते. तीच १९ फूट धरल्यास लांबी सु. ४१ फूट होते. म्हणजे एकाच आकड्यातून एक लांबट, वेगवान जहाज आणि दुसरे आखूड, रुंद मासेमारी जहाज सारख्याच अधिकाराने निघते. तळाचा बाक, नाळेचा कल, डेकच्या पातळ्या यांविषयी तर हे सूत्र काहीच सांगत नाही. म्हणून ‘हॅना’ या नावाखाली दाखविल्या जाणाऱ्या सर्व प्रतिकृती प्रत्यक्षात त्या काळातील न्यू इंग्लंडच्या स्कूनरच्या प्रातिनिधिक प्रतिकृती होत. त्यात गैर काही नाही. गैर आहे ते पेटीवरील पाटीवर तसे न लिहिणे.

आराखडा नसला, तरी काही चुका निश्चितपणे ओळखता येतात आणि त्यांत निशाणांचा पुरावा सर्वांत सोपा असतो. ‘हॅना’वर तारे व पट्टे असलेला ध्वज दाखविल्यास ती चूक होय, कारण तो १४ जून १७७७ रोजी स्वीकारण्यात आला. पाइन वृक्षाचे चिन्ह असलेले पांढरे निशाण अधिक योग्य वाटते. परंतु वॉशिंग्टन यांचे चिटणीस जोसेफ रीड यांनी ते सुचविले २० ऑक्टोबर १७७५ च्या पत्रात, म्हणजे ‘हॅना’ची कामगिरी संपल्यानंतर दहा दिवसांनी. ब्रिटिश स्कूनरच्या प्रतिकृतीवरील संयुक्त ध्वजात सेंट पॅट्रिकचा तिरपा लाल क्रूस असेल, तर तो १८०१ नंतरचा ध्वज आहे. १७६८ मधील लहान स्कूनरचा तळ तांब्याच्या पत्र्यांनी मढविलेला दाखविणे ही अशीच कालविसंगती आहे. ब्रिटिश नौदलात हे आच्छादन १७७९ नंतरच सार्वत्रिक झाले. त्यापूर्वी तळास चरबी, गंधक, राळ इत्यादींचे लेप देत. तांबे चमकते व पाहणाऱ्यास आवडते, हेच बहुधा या चुकीचे कारण असावे.

डोलकाठ्या, शिडे व दोरखंड यांबाबत पुरावा आणखी विरळ असतो. डेव्हिड स्टील यांचा डोलकाठ्या, शिडे व दोरखंड यांवरील प्रसिद्ध ग्रंथ १७९४ चा आहे. तीस वर्षे आधीच्या, वसाहतीतील मासेमारी स्कूनरवर त्यातील नौदली पद्धत जशीच्या तशी लादणे धोक्याचे असते. तरीही बहुतेक प्रतिकृतींत तेच केलेले आढळते, कारण दुसरे तितके तपशीलवार साधन हाताशी नसते. शिडांचे कापडही अडचणीचे असते. अठराव्या शतकातील शिडे अंबाडीसारख्या फ्लॅक्स वनस्पतीच्या धाग्यांची, मळकट रंगाची असत; अमेरिकेत सुती शिडांचा प्रसार एकोणिसाव्या शतकात झाला. शिवाय विणीची जाडी प्रमाणात लहान करता येत नाही, म्हणून अनेक जाणकार प्रतिकृतिकार शिडे चढवितच नाहीत.

प्रमाणाचा हिशेब लाकडालाही लागू पडतो. १:६४ या प्रमाणात ‘सुल्ताना’ची डेकवरील लांबी सु. २४ सेंमी. भरते. वीस फुटी फळी ९·५ सेंमी. लांब होते, म्हणजे नाळेपासून पिछाडीपर्यंत एकच अखंड फळी बसविलेली असेल, तर ती सोयीची असली तरी खरी नव्हे. फळ्या जखडणारी एक इंच जाडीची लाकडी खुंटी केवळ ०·४ मिमी. व्यासाची उरते. कारागिरी दिसावी म्हणून त्या गडद व ठळक दाखविल्या, की जहाज खिळ्यांनी गजबजलेले दिसते. मूळ जहाजाचे ओक वा पाइन लाकूडही प्रतिकृतीत फारसे वापरत नाहीत. ओकचे रेषे मोठे असल्याने ते लहान प्रमाणात विजोड दिसते; त्याऐवजी बॉक्सवुड किंवा पेअरचे बारीक पोताचे लाकूड घेतात. येथे वस्तूतील बदल दृश्यातील सत्यासाठी केलेला असतो व तो दोष मानला जात नाही.

कागदी पुराव्याला पाण्याखालील पुराव्याची जोड क्वचित मिळते. ८ ऑगस्ट १८१३ रोजी आँटॅरिओ सरोवरात वादळाने बुडालेल्या ‘हॅमिल्टन’ व ‘स्कर्ज’ या अमेरिकन स्कूनर १९७३ मध्ये सु. ९० मी. खोलीवर सापडल्या. थंड गोड्या पाण्यामुळे डोलकाठ्या उभ्या, तोफा जागेवर व नाळेवरील कोरीव मूर्तीही शाबूत राहिल्या. मुळात व्यापारासाठी बांधलेल्या अशा साध्या जहाजांवर कोरीव मूर्ती असतील, असे केवळ आराखड्यांवरून क्वचितच कोणी गृहीत धरले असते.

छायाचित्रांच्या युगातील जहाजही प्रतिकृतिकारास चकवू शकते. कॅनडातील लूननबर्ग येथे १९२१ मध्ये विल्यम रुए यांच्या आराखड्यानुसार बांधलेली ‘ब्लूनोज’ ही मासेमारी व शर्यतीची स्कूनर १९४६ मध्ये हैतीजवळच्या खडकावर नष्ट झाली. तिच्याच आराखड्यावरून त्याच गावी १९६३ मध्ये ‘ब्लूनोज २’ बांधली गेली. पण ती मासेमारीसाठी नसल्याने डेकवरील खोल्या व आतील रचना बदलली. पुष्कळ प्रतिकृतिकारांनी प्रत्यक्ष पाहता येणारे हे दुसरे जहाज मोजले आणि त्याच्या डेकवर पहिल्या जहाजाच्या मासेमारी होड्या रचून ठेवल्या. असे रूप दोहोंपैकी कोणत्याही जहाजाचे कधीच नव्हते.