नरक्याचं मोल

आम्ही धायरीच्या बचत गटातल्या बाया. एरवी आम्ही तुमच्याशी हप्ते, व्याज आणि कर्जफेडीबद्दल बोलतो. आज एका झाडाचा इतिहास सांगणार आहोत. तो आम्हाला कळला तोही कर्जाच्या एका अर्जामुळेच.

आमच्या एका ताईंना अंडाशयाचा कॅन्सर झाला. पहिल्या उपचारानंतर आजार उलटला, तेव्हा डॉक्टरांनी टोपोटेकान नावाचं इंजेक्शन लिहून दिलं. त्यासाठी गटातून कर्ज मंजूर करताना त्यांची मुलगी म्हणाली, "हे औषध ज्या द्रव्यापासून बनतं ते आपल्या सह्याद्रीतल्या नरक्यातही असतं." त्यावर पाटणकडचं माहेर असलेल्या एक वहिनी म्हणाल्या, "नरक्या? आमच्याकडं त्याच्या ढलप्या किलोवर विकल्यात लोकांनी. माझ्या भावानंही तोडलाय." त्या दिवशी हिशोबाची वही तशीच राहिली. मग आम्ही माहिती गोळा केली.

नरक्या म्हणजे मोठं झुडूप किंवा लहान झाड. महाबळेश्वर, कोयना, राधानगरी अशा भरपूर पावसाच्या, दाट सावलीच्या जंगलात तो वाढतो. पानं फांदीच्या टोकाला दाटीनं येतात. फुलं बारीक, पिवळसर पांढरी असतात, पण वास असा की नाकाला पदर लावावा. फळं पिकली की जांभळट होतात आणि एका फळात एकच बी असते. काही झाडांवर नुसती नर फुलं येतात, त्यांना फळ धरत नाही. म्हणून फळणारी झाडं तोडली, तर बाकीची उभी असूनही जंगलात नवं रोप येणं अवघड होतं.

शास्त्राच्या पुस्तकात त्याची नोंद जुनी आहे. जॉन ग्रॅहम यांनी मुंबई आणि परिसरातल्या वनस्पतींची यादी केली, ती १८३९ साली छापली गेली. छपाई पुरी होण्याआधीच ग्रॅहम वारले आणि उरलेलं काम त्यांचे स्नेही निम्मो यांनी पूर्ण केलं. याच निम्मोंचं नाव नरक्याच्या शास्त्रीय नावात आजही आहे. पण पुढची सव्वाशे वर्षं या वासाच्या झाडाकडे व्यापाऱ्यांचं लक्ष गेलं नाही. जंगलाच्या दृष्टीनं ते बरंच झालं.

१९६६ साली अमेरिकेत मन्रो वॉल आणि मनसुख वाणी या शास्त्रज्ञांनी एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन हे द्रव्य वेगळं केलं. हे वाणी आपल्या नंदुरबारचे, जन्म १९२५ चा. १९७२ मध्ये गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी तेच द्रव्य आपल्या नरक्यात असल्याचं दाखवलं, आणि तेही चांगल्या प्रमाणात. सुरुवातीला रुग्णांना त्याचा फार त्रास झाला, म्हणून चाचण्या थांबल्या. कॅन्सरच्या पेशींची वाढ हे द्रव्य नेमकी कशी रोखतं, ते १९८५ च्या सुमारास उलगडलं. मग त्यात बदल करून औषधं तयार झाली. १९९६ साली अमेरिकेत अंडाशयाच्या कॅन्सरसाठी टोपोटेकानला आणि मोठ्या आतड्याच्या कॅन्सरसाठी इरिनोटेकानला मान्यता मिळाली.

औषध आलं तशी मागणी वाढली. हे द्रव्य खोडात आणि मुळात असतं, त्यामुळे पानं खुडून भागत नाही. झाड तोडायचं, मूळ खणायचं, ढलप्या करून पोत्यात भरायच्या. सातारा, कोल्हापूर, सिंधुदुर्गातून नरक्यानं भरलेल्या गाड्या वनखात्यानं पकडल्याच्या बातम्या येत राहिल्या. तोडणाऱ्याच्या हाती मजुरी पडली आणि पकडलं गेल्यावर खटलाही त्याच्याच गळ्यात आला. वहिनींचा भाऊ सांगतो, "कशाला लागतंय ते आम्हाला कुणी सांगितलंच नाही. सरपणापेक्षा दोन पैसे जास्त मिळत होते."

आम्ही त्या भावाला दोष देत नाही. पण एक हिशोब मनातून जात नाही. ज्या द्रव्याचं औषध घ्यायला आमच्या गटानं कर्ज दिलं, ते द्रव्य असलेलं झाड आमच्याच माणसानं किलोच्या भावानं दिलं होतं.

यावर वाट आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानं गावोगावी जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमायची आणि लोक जैवविविधता नोंदवही करायची असं ठरवलं. गावच्या वनस्पतीवर कुणी धंदा केला, तर गावाला लाभाचा वाटा मिळावा हाही त्या कायद्याचा हेतू आहे. दुसरीकडे, जंगल न तोडता हे द्रव्य मिळावं म्हणून प्रयोगशाळेत नरक्याच्या पेशी वाढवण्याचे प्रयोग झाले आहेत. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही त्यावर काम झालं.

एक गोष्ट मात्र नीट ऐका. नरक्याचा काढा घरी करून कुणालाही देऊ नका. कच्चं द्रव्य विषारी आहे. औषध फक्त डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचं.

गटानं ठरवलंय, ज्यांचं माहेर घाटमाथ्याला आहे त्यांनी दिवाळीला गेल्यावर ग्रामपंचायतीत विचारायचं: आपल्या गावची नोंदवही झाली आहे का? त्यात नरक्या आहे का? वहिनींनी भावाला आधीच फोन केलाय. कुठल्या ओढ्याच्या कडेला झाडं उरली आहेत ते तो दाखवणार आहे, आणि ती नोंदवहीत लिहून घ्यायला या वेळी वहिनीही सोबत जाणार आहेत.