पूर्ण लेखाचा शोध : भोपाळचे विद्यापीठ आणि संशोधन-नियतकालिके

भोपाळ विद्यापीठाची स्थापना 1970 साली झाली व 1988 मध्ये त्यास मौलाना बरकतुल्लाह भोपाली यांचे नाव देण्यात आले. मौलाना स्वतः नियतकालिक चालविणारे होते. टोकियोत उर्दू शिकवीत असताना त्यांनी 'इस्लामिक फ्रॅटर्निटी' हे इंग्रजी पत्र काढले. इंग्रज सरकारच्या दबावामुळे 1912 मध्ये ते बंद पडले. त्यांच्यावरील लेख अभ्यासकाला कसा मिळतो, हा प्रश्न म्हणूनच निव्वळ ग्रंथालयशास्त्राचा नाही.

छापील सूचीच्या काळात लेखाचे शीर्षक सापडे, लेख सापडत नसे. तो अंक कपाटात नसला म्हणजे दुसऱ्या ग्रंथालयास पत्र लिहून छायाप्रतीची वाट पाहावयाची. विज्ञान शाखेस 1952 पासून दिल्लीच्या इन्सडॉकचा आधार होता. इतिहास वा उर्दूच्या प्राध्यापकास मात्र बहुधा अलीगढ किंवा दिल्ली गाठावी लागे.

डिसेंबर 2003 मध्ये राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते यूजीसी-इन्फोनेट समूह-योजनेचे उद्घाटन झाले. सदस्य विद्यापीठांच्या संगणकांवर संपूर्ण लेख उघडू लागले; परंतु ही सोय विद्यापीठाच्या आवारातील जाळ्यापुरती होती. संलग्न महाविद्यालयाच्या शिक्षकास त्यासाठी विद्यापीठात जावे लागे. 2010 साली आलेल्या एन-लिस्टने ही अडचण बरीच दूर केली. महाविद्यालयाने नोंदणी केली की प्रत्येक शिक्षकास स्वतःचे खाते मिळे व घरूनही लेख वाचता येई. महाविद्यालयांच्या दृष्टीने याहून मोठा बदल झाला नसावा. दुर्दैवाने पुष्कळ ठिकाणी ती खाती न वापरताच पडून राहिली.

शोध घेताना नावाच्या रोमन लेखनाकडे लक्ष द्यावे लागते. 'बरकतुल्लाह' हे नाव इंग्रजीत तीन-चार प्रकारे लिहिले जाते. एकाच रूपावर थांबल्यास निम्मे लेख निसटतात. पण खरी उणीव निराळी आहे. आझमगढचे 'मआरिफ' (1916), मौलवी अब्दुल हक यांनी 1921 मध्ये औरंगाबादहून काढलेले 'उर्दू' त्रैमासिक, पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाचे त्रैमासिक, यांचे जुने अंक या विकत घेतलेल्या संग्रहांत शोधून उपयोग नाही. रेख्ता किंवा इंटरनेट आर्काइव्हवर जे अंक आहेत ते बहुतांशी पानांच्या छायाचित्रांच्या रूपात आहेत. नस्तालीक लिपी यंत्रास नीट वाचता येत नसल्याने आतील शब्द शोधता येत नाही. अनुक्रमणिका डोळ्यांनीच चाळावी लागते.

1 जानेवारी 2025 पासून 'एक राष्ट्र, एक वर्गणी' योजना लागू झाली. 30 प्रकाशकांची सुमारे 13,000 नियतकालिके, तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपये. मंजुरीच्या वेळी लाभार्थी म्हणून केंद्र व राज्य सरकारांच्या व्यवस्थापनाखालील उच्च शिक्षणसंस्था आणि केंद्राच्या संशोधनसंस्था नमूद होत्या. खाजगी शिक्षणसंस्थांच्या महाविद्यालयांचे नाव त्या यादीत नव्हते. तेथील शिक्षकास आजही शासकीय विद्यापीठाच्या ग्रंथपालास भेटणे किंवा थेट लेखकास पत्र लिहून प्रत मागविणे, हेच मार्ग बहुधा उरतात. लेखक सहसा प्रत पाठवितात.