तावीज आणि ६७ गावे

वाडिया मूव्हीटोनचा ‘तूफानी टारझन’ १९३७ साली पडद्यावर आला. त्या दशकातले कितीतरी बोलपट आज नावापुरते उरले आहेत. याची प्रत मात्र टिकली. त्यामुळे नायकाची भुरळ कशात होती हे जाहिरातींवरून ताडावे लागत नाही. चित्रपटच दस्तऐवज म्हणून तपासता येतो.

दिग्दर्शक होमी वाडिया, नायक शरीरसौष्ठवपटू जॉन कावस. एडगर राइस बरोजचा टारझन १९१२ मध्ये अमेरिकी मासिकातून अवतरला आणि १९३२ मध्ये ऑलिंपिक जलतरणपटू जॉनी वाइसमुलरने त्याला पडद्यावर रूप दिले. मुंबईत त्याचा पिळदार देह तसाच राहिला, कूळ बदलले. बरोजचा नायक इंग्रज उमरावाचा मुलगा. वाडियांचा नायक रामू नावाच्या शास्त्रज्ञाचा. बापाने अमरत्वाच्या औषधाची कृती ताविजात घालून मुलाच्या गळ्यात बांधली. सिंहांच्या हल्ल्यात बाप गेला, आईला वेड लागले, पोर रानात वाढले. पंधरा वर्षांनी आजोबा शोधत येतात. साहसपटाच्या पोटात हरवलेल्या वारसाची कहाणी आहे.

या नायकाला सारा भरावा लागत नाही, पाटील-पटवाऱ्याचे तोंड पाहावे लागत नाही. अख्खे रान त्याचे, कारण त्यावर दुसऱ्या कुणाचा दावाच दाखवलेला नाही. तिथले रहिवासी येतात ते माणसाचा बळी द्यायला निघालेल्या टोळीच्या रूपात.

आता पडद्यावरच्या या रानाशेजारी एका खऱ्या रानाचे, चांदा जिल्ह्याचे, म्हणजे आजच्या चंद्रपूर-गडचिरोलीचे, सरकारी कागद ठेवावेत. १८५८ मध्ये मोलमपल्लीचा तरुण गोंड जमीनदार बाबुराव शेडमाके इंग्रजांविरुद्ध उठला. अडपल्ली-घोटचे व्यंकटराव त्याला मिळाले. २९ एप्रिलला प्राणहितेकाठी चिंचगुंडीला तारखात्याच्या तळावर हल्ला झाला. तिथले गार्टलँड आणि हॉल हे साहेब मारले गेले, त्यांचा सोबती पीटर निसटून डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिक्टनकडे पोहोचला. क्रिक्टनने अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाईंवर दबाव आणला, बाबुराव पकडला गेला आणि २१ ऑक्टोबरला चांद्यात फासावर गेला. व्यंकटराव बस्तरात पळाले. १८६० मध्ये तेही सापडले आणि त्यांना जन्मठेप झाली. लक्ष्मीबाईंना जप्त जमीनदाऱ्यांतली ६७ गावे इनाम मिळाली.

हे कागद राज्यकर्त्यांचे आहेत, हे विसरता येत नाही. मेलेल्या साहेबांची नावे त्यांत आहेत. बाबुरावाच्या मागे गेलेली माणसे मात्र नुसते ‘रोहिले आणि गोंड’. इथवर अहवाल आणि चित्रपट सारखेच. पण बक्षिसाचा हिशेब मांडताना अहवाल नकळत एक कबुली देऊन जातो. हे रान मोकळे नव्हते. त्यात गावे होती, जमीनदाऱ्या होत्या, वारस होते. आणि कुणाचे काय राहील, कुणाचे काय जाईल, हे ठरवण्याचा अधिकार सरकारने आपल्या हाती घेतला होता.

टारझनचा हक्क गळ्यातल्या ताविजावर सिद्ध होतो. तो कुठल्या कचेरीतून मिळत नाही आणि जप्तही होत नाही. १९३७ चा प्रेक्षक त्याच सरकारच्या अमलाखाली जगत होता. ज्याच्या डोक्यावर सरकारच नाही असा माणूस त्याला पडद्यावर दिसत होता, आणि माझ्या मते कावसच्या बाहूंपेक्षा ही मुभाच जास्त मोहक होती. तिच्यासाठी खऱ्या रानातली माणसे मात्र कथेतून वगळावी लागली.