तळटीप : मजकुरातून ‘तेर’ वेचताना
संत गोरोबाकाकांच्या समाधीमुळे ख्यात असलेले, धाराशिव जिल्ह्यातील ‘तेर’ हे ग्रामनाम मजकुरातून वेगळे काढण्यासाठी पायथन भाषेच्या ‘आरई’ संचातील शब्दवर्णाची खूण, म्हणजे उलट तिरकी रेघ व डब्ल्यू, योजिली असता हाती ‘त’ आणि ‘र’ अशी दोन शकले येतात. कारण ती खूण अक्षर, अंक व अधोरेखा यांनाच दाखल करून घेते, आणि युनिकोडच्या दफ्तरी मात्रेची नोंद अक्षरांत नसून चिन्हांच्या निराळ्या वर्गात आहे. मोकळ्या जागेवर तोडणारी ‘स्प्लिट’ ही क्रिया नाव अखंड राखते खरी, परंतु लगतचा स्वल्पविरामही बेलाशक सोबत आणते. शब्दांत अंतर न राखणाऱ्या मोडी कागदांच्या यथामूल नकलेपुढे तर तीही निरुपाय ठरते.