तळटीप : जाईबाई चौधरी

* राजर्षी शाहू महाराजांनी १९२० च्या मे महिनाअखेरीस कोल्हापूरहून नागपूरला जाऊन बहिष्कृत परिषदेचे अध्यक्षपद भूषविले, ते मूळ मजकुरात आले आहे. त्याच नागपुरातील जाईबाईंचे नाव मात्र ग्रंथात कुठेही नाही, म्हणून ही टीप. जन्म १८९२, उमरेड. लग्नानंतर त्यांनी हमाली केली. नागपूर ते कामठी डोक्यावरून ओझी वाहिली. ग्रेगरी नावाच्या मिशनरी बाईंनी त्यांना शिकविले व मिशनच्या शाळेत नोकरी दिली. अस्पृश्य बाई शिकविते म्हणून सवर्णांनी ओरड केली आणि ती नोकरी गेली. १९२२ मध्ये त्यांनी मुलींसाठी संत चोखामेळा शाळा काढली. ओझी वाहणाऱ्या बाईने शाळा उभी करावी, याचे मोल आपल्या इतिहासकारांनी फार कमी जोखले. पुढे १९३७ च्या डिसेंबरात नागपूरला अखिल भारतीय महिला परिषद भरली. तिथे स्त्रियांच्या हक्कांची भाषणे झाली, पण जेवणाच्या वेळी जाईबाईंना वेगळे बसविण्यात आले. १ जानेवारी १९३८ रोजी दलित स्त्रियांनी निषेधाची सभा घेतली. ऊर्मिला पवार व मीनाक्षी मून यांनी अशा कार्यकर्त्यांची माहिती गावोगाव फिरून जमविली व ‘आम्हीही इतिहास घडवला’ हा ग्रंथ सिद्ध केला. — संपा.