भुंगेऱ्याचें नांव आणि गांव

बीड जिल्ह्यांतील पाटोदा तालुका बालाघाटच्या डोंगररांगेवर वसलेला आहे. मांजरा नदीचा उगम याच तालुक्यांत होतो. येथील नायगांवचें रान मोरांसाठीं प्रसिद्ध असून, सुमारें ३० चौरस किलोमीटरच्या या रानास १९९४ सालीं मयूर अभयारण्याचा दर्जा मिळाला. मृगाचा पाऊस पडला कीं, एकीकडे मोरांची केका ऐकूं येते आणि दुसरीकडे जमिनींतून भुंगेरे वर येऊं लागतात. कडुनिंब-बाभळींचा पाला खाणारे हुमणीचे भुंगेरे शेतकऱ्याच्या चांगल्या ओळखीचे असतात. शेणाच्या गोळ्या लोटीत नेणारे भुंगेरे मुलांच्या कौतुकाचे असतात. पण पाचोळ्याखालीं व झाडांच्या सालींत दडून राहणाऱ्या त्यांच्या असंख्य भाऊबंदांची विचारपूस कोण करतो? मोर पाहतांच ओळखतां येतो. भुंगेऱ्याची ओळख पटविण्यास मात्र अडीच शतकांचीं दप्तरें चाळावीं लागतात.

मौज अशी कीं, शास्त्राच्या दप्तरांत या दोघांची नोंद एकाच हातानें झाली. स्वीडनमधील लिनीयस या पंडितानें १७५८ सालीं आपल्या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तींत प्रत्येक प्राण्यास दोन पदांचें लॅटिन नांव दिलें. त्याच ग्रंथांत मोर ‘पावो क्रिस्टाटस’ झाला आणि माडाचा शेंडा पोखरणाऱ्या गेंड्या भुंगेऱ्यासही नांव मिळालें. लिनीयसचा शिष्य क्यूनिग १७६८ सालीं दक्षिणेंतील त्रांकेबार या डेन्मार्कच्या वसाहतींत आला व येथील कीटक युरोपांत पाठवूं लागला. दुसरा शिष्य फाब्रिसियस यानें अशा नमुन्यांचीं वर्णनें करून त्यांचें बारसें केलें. कोरड्या माळावर संध्याकाळीं धांवणारा, काळ्या अंगावर सहा पांढरे ठिपके मिरविणारा मोठा भुंगेरा त्यानेंच १७७५ सालीं ‘सहा ठिपक्यांचा’ या अर्थाच्या नांवानें नोंदविला.

नांव मिळालें, पण गांव हरवलें. त्या काळच्या वर्णनांत स्थळ म्हणून पुष्कळदां नुसता ‘हिंदुस्थान’ एवढाच शब्द असे. तो किडा माळावरचा कीं घाटांतला, आंब्याखालचा कीं सागाखालचा, हें त्यावरून कळण्यास मार्ग नाहीं. नमुने परदेशीं गेले आणि त्यांची जन्मभूमि एका शब्दांत गुंडाळली गेली.

पुढें ही उणीव हळूहळू भरून येऊं लागली. १८८३ सालीं मुंबईंत आठ निसर्गप्रेमी गृहस्थांनीं नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापिली, त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग व डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे एतद्देशीय होते. १८८८ पासून हिंदुस्थानच्या प्राणिसृष्टीवरील ग्रंथमाला निघूं लागली. तींत गहान यांनीं १९०६ सालीं लांब मिशांच्या भुंगेऱ्यांचें आणि अँड्र्यूज यांनीं १९२९ व १९३५ सालीं भूचर भुंगेऱ्यांचें वर्णन केलें. पानें खाणाऱ्या भुंगेऱ्यांवरील १९१९ चा खंड समरेंद्र मौलिक या भारतीय पंडिताचा आहे. १९१६ सालीं कलकत्त्यास प्राणिसर्वेक्षण खातें व १९५९ सालीं पुण्यास त्याची शाखा निघाली; त्यामुळें नमुने ठेवावयास महाराष्ट्रांतच घर मिळालें.

नव्या जातीचें बारसें आज कसें होतें? किडा सांपडला म्हणजे त्याच्या उजव्या कठीण पंखांतून टांचणी घालून तो डबींत बसवितात. त्याखालीं स्थळ, तारीख व संग्राहकाचें नांव लिहिलेली चिमुकली चिठ्ठी असते. मग सूक्ष्मदर्शकाखालीं मिशांच्या कांड्या, पंखांवरील रेघा आणि नराचें जननेंद्रिय तपासून जुन्या नमुन्यांशीं ताडून पाहतात. कारण बाहेरून जुळे दिसणारे भुंगेरे पुष्कळदां या इंद्रियावरूनच वेगळे ठरतात. शेवटीं एक नमुना प्रमाण म्हणून निवडून, तो कोणत्या संग्रहांत ठेवला हें सांगून, वर्णन छापलें जातें. १९९९ नंतर छापलेल्या नव्या जातीस हा नियम बंधनकारक आहे. २०१८ सालीं सायली शेठ, पुण्याच्या मॉडर्न महाविद्यालयांतील हेमंत घाटे आणि चेक शास्त्रज्ञ हायेक यांनीं महाराष्ट्रांतील पाणभुंगेऱ्यांचा असा अभ्यास करून, कोपेलाटस या एकाच प्रजातींतील तीन नव्या जाती जगापुढें मांडल्या. ज्या प्रांताची पाहणी शतकापूर्वींच सुरू झाली होती, तेथेंही बारसें व्हावयाचे जीव उरले होते, हेंच यावरून दिसतें.

हा केवळ पंडितांचा विनोद नव्हे. १९६३ सालीं मोर राष्ट्रीय पक्षी ठरला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टांत त्याचें नांव आहे. ज्या किड्यास नांवच नाहीं, तो कोणत्या परिशिष्टांत घालावयाचा? त्याचें रान तुटलें तर काय गेलें, हें सांगण्यास साक्षीदारही उरत नाहीं. जगांत सुमारें चार लक्ष जातींच्या भुंगेऱ्यांस नांवें मिळालीं आहेत. तरीही ही यादी दरवर्षीं वाढतच आहे.

नायगांवच्या रानाचें रक्षण मोराच्या नांवानें होतें आणि त्याच्या सावलींत पाचोळ्यांतील भुंगेराही तरून जातो. पण मोराची पुण्याई दुसऱ्याच्या नांवावर लिहितां येत नाहीं. अडीच शतकांपूर्वीं ज्या जागीं ‘हिंदुस्थान’ एवढेंच लिहीत, तेथें आज ‘नायगांव, तालुका पाटोदा’ असें लिहितां येतें. टांचणीखालच्या त्या चिठ्ठीवर नखाएवढी जागा असते. एका रानाची साक्ष राहावयास तेवढी पुरेशी आहे.