जयभीम म्हटल्यावर पुढं काय?

हिवाळी अधिवेशन भरलं की धंतोलीत यशवंत स्टेडियमजवळ मोर्चे जमतात. झेंडे, घोषणा, निवेदन. निवेदन दिलं की आपण मोकळे. प्रश्न मात्र वस्तीत तसाच बसून असतो.

दोस्तांनो, म्हणून आज कामठीच्या बाबू हरदासांवर लिहितो. जन्म १९०४. 'जयभीम' हा नमस्कार त्यांनी रूढ केला, एवढं पोरासोरांनाही ठाऊक आहे. त्यापुढचं कुणी सांगत नाही.

तो काळ उलथापालथीचा. गावकीची वेठ टाकून आपली माणसं नागपूर-कामठीला येत होती. कुणी गिरणीत, कुणी विडीत. जू बदललं, मान तीच. विडीवाली बाई दिवसभर तेंदूपत्ता वळणार आणि भाव ठरवणार कंत्राटदार. मी गिरणीतला माणूस, हा हिशेब मला पुस्तकातून शिकावा लागला नाही.

हरदासांनी कंत्राटदाराला नुसत्या शिव्या घातल्या नाहीत. विडी कामगारांचा संघ बांधला. वर सहकारी तत्त्वावर विडीचं काम सुरू केलं, म्हणजे मधला दलालच उडाला. आपली माणसं अडाणी राहतात? कामठीत १९२७ साली रात्रशाळा काढली. आपलं कुणी छापत नाही? १९२१ सालीच, सतराव्या वर्षी, 'महारठ्ठा' साप्ताहिक काढलं होतं. गोलमेज परिषदेच्या वेळी अस्पृश्यांचा नेता कोण, हा वाद पेटला. तेव्हा इथून विलायतेला तारा धाडल्या, आमचे नेते डॉ. आंबेडकर. १९३७ ला स्वतंत्र मजूर पक्षातर्फे निवडून मध्यप्रांत-वऱ्हाडच्या कायदेमंडळात गेले. १२ जानेवारी १९३९ ला क्षयानं त्यांना नेलं. वय पस्तीस.

पस्तीस वर्षांत हे सारं कसं झालं? मला एकच गोष्ट दिसते. हा माणूस दुःखाचे तुकडे करून बघायचा. पैसा कुणाच्या हातात अडला, अक्षर कुणाच्या हातात अडलं, कायदा कुणाच्या हातात अडला. मग प्रत्येक तुकड्यासाठी वेगळं हत्यार. कायद्यासाठी कायदेमंडळ हवंच. पण रात्रशाळेसाठी ते कायदेमंडळाची वाट बघत बसले नाहीत.

मोर्चे काढूच. सरकारवरचा हक्क सोडायचा नाही. पण निवेदनाची एक प्रत वस्तीत आणा, कंदिलाखाली नाहीतर बल्बाखाली, आणि एकेका मागणीपुढं खूण करा. यातलं सरकारनं करायचं कुठलं आणि उद्या संध्याकाळपासून आपण करायचं कुठलं?

दुसरी यादी कोरी निघाली, तर आपला जयभीम नुसता घशातला आहे.